लोखंड वितळत नाही, जळते

रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात निळ्या ज्योतीने लोखंडाची जाड प्लेट कापताना आपण कधीतरी पाहिले असेल. ज्योत लोखंड वितळवते आहे, असेच पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तिथे लोखंड जळत असते.

पोलाद वितळायला १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. गॅसकटर तेवढे थांबतच नाही. प्लेटच्या कडेचा एक ठिपका लालभडक झाला, म्हणजे साधारण ९०० अंशांपर्यंत तापला, की तो टॉर्चचा खटका दाबतो. नॉझलच्या मधल्या भोकातून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि लोखंड चक्क पेट घेते. त्यातून तयार होणारे ऑक्साइड लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळते आणि झोताबरोबर खालून वाहून जाते. ज्वलनाची उष्णता खालच्या थराला तापवते. थोडक्यात, कापण्याचे बरेचसे इंधन ती प्लेट स्वतःच पुरवते! म्हणून जाडी वाढली तरी काम अडत नाही. एक फूट जाडीचे पोलादही या पद्धतीने कापले जाते.

अर्थात प्रत्येक धातू असा जळायला तयार नसतो. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर धरतो. तो सहजी वितळत नाही आणि खालच्या धातूपर्यंत ऑक्सिजन पोहोचू देत नाही. बीडही या रीतीने नीट कापले जात नाही. तिथे प्लाझ्मा लागतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत पुढे आलेल्या या पद्धतीत विजेच्या ठिणगीतून वायू अरुंद नॉझलवाटे सोडतात आणि त्याच्या प्रचंड उष्णतेने धातू खरोखर वितळतो. एक इंचापर्यंत, म्हणजे आपल्या कारागिरांच्या भाषेत आठ सुतांपर्यंत, वेगात प्लाझ्माचा हात गॅस धरू शकत नाही. लेसरची कड त्याहून सुबक. पाण्याच्या धारेत गार्नेटची वाळू मिसळूनही पोलाद कापतात. त्यात उष्णता लागत नाही, पण काम संथ आणि खर्चिक. दोन-तीन इंचांच्या पुढे साध्या पोलादासाठी मात्र मी अजूनही गॅसलाच कौल देईन.

जाणता कारागीर कान देऊन कापतो. कट नीट चालला असेल तर नवे कापड फाडल्यासारखा सलग आवाज येतो. कापलेल्या कडेवरच्या बारीक रेषा उभ्या असाव्यात. त्या खाली जाताना मागे वळल्या, तर हात घाईने चालला आहे. वरची धार वितळून गोल झाली, तर हात रेंगाळला किंवा ज्योत जास्त ठेवली. ऑक्सिजन साधारण साडेनव्याण्णव टक्के शुद्ध असावा लागतो. त्यात एका टक्क्याची घट झाली तरी वेग सुमारे पाव हिश्शाने कमी होतो.

आपली विमानवाहू ‘विक्रांत’ नोव्हेंबर २०१४पासून मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. जहाज तोडण्याचे काम जगभर मुख्यतः गॅसकटरच करतो. या कामात सगळे लक्ष ज्योतीकडे असते, आणि मला भीती वाटते ती ऑक्सिजनची. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो २१ टक्के असतो. जहाजाच्या तळाशी किंवा टाकीच्या आत गळक्या पाइपातून थोडा जरी वाढला, तरी एरवी विझून गेली असती अशी ठिणगी अंगावरच्या सुती कपड्याचा भडका उडवते. रेग्युलेटरला तेलाचा हात लागला तरी स्फोट होऊ शकतो. आणि तरीही उकाड्यात अंगावर वारा घ्यायला किंवा कपड्यांवरची धूळ झटकायला ऑक्सिजनचा पाइप उघडणारी माणसे आहेत. कपड्यात शिरलेला ऑक्सिजन बराच वेळ तिथेच राहतो. मग विडी पेटवायचाच काय तो अवकाश.

रिकाम्या ड्रमचेही तेच. त्यात पूर्वी डिझेल, थिनर, काहीही असेल; तळाशी उरलेली वाफ स्फोटाला पुरते. आत काय होते हे कळल्याशिवाय आणि तो नीट धुऊन शक्य तितका पाण्याने भरल्याशिवाय टॉर्च लावू देऊ नये, मग मालक कितीही घाई करो. जेवणाच्या सुट्टीत टॉर्च टाकीच्या आत सोडायची नाही, पाइपांसकट बाहेर काढायची, सिलिंडर बंद करायचे. आतल्या माणसाला वारा हवा असेल तर ब्लोअर लावावा, आणि तोंडाशी एक माणूस सतत उभा ठेवावा.