जिभेचे सुख आणि नीती



शरीराचे साधे सुख आणि उच्च नीती यांचे वैर आहे काय, हा प्रश्न मालवणच्या किनाऱ्यावर विचारायचा, तर तो ताटातल्या माशापासूनच विचारला पाहिजे. तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, भात आणि शेवटी सोलकढी, एवढ्यावर येथला माणूस तृप्त होतो. ही तृप्ती हीन मानावी काय?

तसे मानणारा पक्ष लहान नाही आणि अनादरणीय तर मुळीच नाही. गांधीजींच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत आहे. अन्न शरीराच्या गरजेपुरते घ्यावे, चवीसाठी नव्हे, असा त्याचा अर्थ. जिभेचा गुलाम मोठ्या कार्याच्या उपयोगी पडत नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. पण आपल्याच परंपरेने काम हा चार पुरुषार्थांत गणला. आणि धर्माच्या आड न येणारा काम ते माझेच रूप, असे गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले. म्हणजे सुखाला दाराबाहेर उभे केलेले नाही. त्याला मर्यादा घातली आहे.

ही मर्यादा कोणती, ते समुद्राकडे पाहून कळते. रापणीचे जाळे पुष्कळांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे, ही आपली जुनी रीत. त्या वाट्यातली मासळी घरी चवीने खाल्ली, तर कोणती नीती बुडाली? उलट पर्ससीन जाळ्यांनी थव्यांचे थवे उचलले जाऊ लागले, तेव्हा पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर आले आणि २०१६ साली शासनाला त्या जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. मासा तोच, चवही तीच. बिघडला तो वाटा.

दुसरे उदाहरण पावसाळ्यातले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या माशांचा तो विणीचा काळ असतो. हा नियम माशाच्या चवीचा द्वेष करीत नाही. पुढच्या वर्षीही ती चव मिळावी म्हणूनच तो आहे. मात्र येथे एक गोष्ट विसरू नये. या दोन महिन्यांत खाणाऱ्याची चव जाते, पण नौकेवरच्या खलाशाची कमाई जाते. संयमाचा मोठा भार तो उचलतो आणि संयमावर व्याख्याने आम्ही देतो!

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. सुखाला पाप म्हणून नीती सिद्ध होत नाही. ज्याला स्वतःच्या भुकेची लाज वाटते, त्याला शेजाऱ्याची भूक तरी कशी दिसावी? पण ज्या सुखात दुसऱ्याचा वाटा गिळला जातो, ते कितीही साधे असले तरी निर्दोष नव्हे. २०२३ साली शासनाने अनेक जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले. बाजारात त्याहून लहान पिल्ले स्वस्त मिळाली, तरी ती घ्यायची नाहीत, एवढे व्रत आपल्यापैकी प्रत्येकाला पाळता येईल. त्याने जेवणातली गोडी कमी होणार नाही, आणि खलाशाच्या त्यागात आपलाही थोडा हातभार लागेल.