सांडवा



संयोजकांनी सांगितलं, सॉफ्टवेअरबद्दल बोल. मी मात्र आमच्या तळ्याबद्दल बोलणार आहे. मळ्याच्या वरच्या अंगाला आजोबांनी ओढ्यावर घातलेला मातीचा बांध तुम्हाला आठवत असेल. शनिवारची शाळा सुटली की आपण सगळे तिथेच असायचो.

2018 च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला. पुढच्या पावसाआधी बाबांनी सांडव्यात मुरूम टाकून तो दोन हात उंच केला. पाणी जरा जास्त साठेल म्हणून. फोनवर मला सांगितलं, तेव्हा मी, त्यांची इंजिनिअर मुलगी, म्हणाले, "बरं केलंत, बाबा."

मातीच्या बांधाचा जीव सांडव्यात असतो. जादा पाणी तिथून सुखरूप गेलं पाहिजे. ते माथ्यावरून वाहू लागलं की माती कापली जाते, घळ पडते आणि बघता बघता बांध जातो.

पुढे हवाईतल्या काउआई बेटावरच्या का लोको धरणाबद्दल वाचलं. उसाला पाणी देण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं, खासगी मालकीचं मातीचं धरण. सरकारी नोंदीत 'कमी धोक्याचं'. बरेच दिवस पाऊस लागून राहिला आणि 14 मार्च 2006 च्या पहाटे ते फुटलं. सात माणसं गेली. सांडवा बुजवला गेल्याचे पुरावे चौकशीत पुढे आले.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्याकडचा 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरच्या धरणांना काही अटींवर. आमचा बांध जेमतेम सहा मीटर. या कायद्याखाली तो तपासायला कुणी येणार नाही. बघायचं ते आम्हीच.

गेल्या दिवाळीत बांधावर गेले. बाभळी माजलेल्या, घुशींची बिळं, पायथ्याशी ओल. झिरपणारं पाणी नितळ होतं, एवढंच समाधान. ते गढूळ असतं, तर आतली माती वाहून चालली आहे असा अर्थ होता. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही." मी म्हटलं, "बाबा, आमचे प्रोग्रामही वर्षानुवर्षं नीट चालतात आणि एक दिवस नको तो आकडा येतो. तसा पाऊस अजून आला नाही, इतकंच."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जेसीबीवाल्याला फोन लाव."

मुरूम निघाला. बिळं खणून, माती भरून चोपून घेतली. बाभळी नुसत्या तोडल्या तर कुजलेल्या मुळांतून पाण्याला वाट मिळते, म्हणून ते काम जाणकाराच्या सल्ल्याने करणार आहोत. उसाला एक पाळी कमी मिळेल. मिळू दे.

बांधाखालच्या वाडीत आपल्या वर्गातल्या चौघांची घरं आहेत. इतके पावसाळे तुम्ही निर्धास्त झोपलात, आणि आम्ही तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर तुमची माफी मागते.

मृगाआधी मी पुन्हा बांधावर जाणार आहे. तुम्हीही चला. आणि तुमच्या शेतात असं तळं असेल, तर पावसाआधी एकदा त्याच्या सांडव्यात उभे राहून बघा.