विहिरीच्या भिंतीवरचा पिंपळ



आपल्या गावची जुनी दगडी विहीर तुम्ही रोज पाहता. पावसाळा सरल्यावर तिच्या भिंतीकडे एकदा नीट बघा. किती तऱ्हेची हिरवळ दिसेल! तिथे ना माती, ना कुणी बी पेरलेले. मग ही झाडे आली कुठून?

आधी येते दगडफूल. आपण मसाल्यात घालतो, त्याच्याच जातीतले. दगडावर करडे, पिवळे डाग दिसतात ना, ते हेच. बुरशी आणि अगदी बारीक हिरवी वनस्पती, अशी दोघे मिळून ते बनते. एक ओल धरते, दुसरी उन्हावर अन्न करते. दोघांचा संसार दगडावर चालतो.

मग ओल्या सांदीत मखमलीसारखे शेवाळे चढते. उन्हाळ्यात ते वाळून काळे पडते. वाटते, मेले! पण पाऊस पडला की पुन्हा हिरवे होते. या शेवाळ्यात धूळ अडकते, पाने कुजतात. अशी चिमूट चिमूट माती साठते. त्या मातीत नेचे, गवत, तेरडा, दगडी पाला उगवतो. दगडी पाल्याचे बी वाऱ्यावर उडत येते. ही सगळी मंडळी लहान. त्यांची मुळे नाजूक. त्यांच्यापासून भिंतीला फारसे भय नाही. त्यांना राहू द्या.

पण या गोतावळ्यात एक पाहुणा निराळा असतो. तो म्हणजे पिंपळ. वड आणि उंबर हे त्याचेच भाऊबंद.

पिंपळाची फळे मैना खाते, बुलबुल खातो. फळातले बी मोहरीहूनही बारीक. ते पाखराच्या विष्ठेतून भिंतीवर पडते. दगडांमधल्या जुन्या चुन्यात ओल असतेच. तिथे ते रुजते. पहिल्या वर्षी दोन-चार पाने दिसतात. आपण म्हणतो, असू दे, इवलेसे तर आहे! पण त्याचे केसासारखे मूळ दरजेतून आत शिरते. पाणी शोधत खोल जाते. पुढे ते बोटाएवढे होते, मग मनगटाएवढे. ते जाड होते तसा दगड बाहेर सरकतो. एका पावसाळ्यात भिंत ढासळते. बांधायला आजोबांना वर्षे लागली, पडायला एक रात्र पुरते.

तुम्ही म्हणाल, "अहो, पिंपळाला कुऱ्हाड कशी लावायची? हात धजत नाही." खरे आहे. म्हणून तर मी सांगतो, कुऱ्हाडीची वेळच येऊ देऊ नका. रोप लहान असतानाच ओल्या दिवसांत मुळासकट अलगद काढा. नुसता शेंडा छाटू नका. मूळ आत राहिले की पुन्हा फुटते. काढलेले रोप गावाबाहेर, घरे व विहिरी यांपासून दूर, मोकळ्या जागी लावा. पाणी घाला. झाडही वाचेल, विहीरही वाचेल. पुढे त्याला पार बांधा. नातवंडे सावलीला बसतील.

रोप काढल्यावर ती फट मोकळी ठेवू नका. जुनी भिंत चुन्याची असेल, तर दरजा चुन्यानेच भरून घ्या.

झाड मोठे झाले असेल, तर मात्र ओढू नका. त्याच्या मुळांनीच दगड धरून ठेवलेले असतात. ओढले की भिंत अंगावर येईल. जाणत्या गवंड्याला आधी दाखवा. विहिरीत एकट्याने कधी उतरू नका. किल्ल्याची किंवा सरकारने राखलेल्या जुन्या देवळाची भिंत असेल, तर आपण हात लावू नये. पुरातत्त्व खात्याला कळवावे.

तर मंडळी, दर वर्षी पाऊस सरला की चार जणांनी मिळून विहीर, देऊळ, शाळा यांच्या भिंती बघून याव्यात. दगडफूल दिसले, नेचा दिसला, तर कौतुकाने बघा आणि पुढे जा. पिंपळाची दोन पाने दिसली, तर तिथे थांबा. दोन पानांचे रोप आज चिमटीत येते. दहा वर्षांनी ते साऱ्या गावाला आवरणार नाही.