केसांच्या औषधास किती काळ द्यावा?

(वडोदरा येथे शिक्षक, तलाटी व ग्रामस्थ अशा मराठी श्रोत्यांपुढे एका त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९०७ साली ज्या ‘अलेंबिक’ची स्थापना झाली तिच्या संस्थापकांत कोटिभास्कर हे मराठी नाव होते. त्या कारखान्याच्या नगरीत औषधाचे महत्त्व मी सांगावयास नको. परंतु औषधाला वेळ किती द्यावा, याविषयी मात्र बोलणे अवश्य वाटते.

गेल्या वर्षी एक तरुण शिक्षक माझ्याकडे आले. टाळूवरील केस विरळ होत चालले होते व घरी लग्नाची बोलणी सुरू होती. मी त्यांना मिनॉक्सिडिलचे द्रावण लिहून दिले. पाचव्या आठवड्यात ते बाटली घेऊनच परत आले. “डॉक्टरसाहेब, पूर्वी उशीवर दहा केस दिसत, आता मूठभर दिसतात. हे औषध मी बंद केले.” चूक त्यांची नव्हती. असे होणार हे पहिल्याच भेटीत सांगावयास हवे होते, ते माझ्याकडून राहून गेले.

डोक्यावरील प्रत्येक केसाचे आपले स्वतंत्र आयुष्य असते. तो दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसताच मुळाशी टिकून राहतो आणि मग गळतो. दररोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी माणसाचेही लक्षण आहे. मिनॉक्सिडिल हा विसाव्याचा काळ कमी करते. त्यामुळे जे केस पुढे केव्हातरी गळावयाचे ते एकदम गळतात व त्यांच्या जागी नवे केस वाढीस लागतात. ही गळती बहुधा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यांच्या दरम्यान दिसते. नवा केसही महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा चार महिन्यांपूर्वी आरशात काही दिसण्याची अपेक्षा करू नये. सहा महिन्यांनी निर्णय घ्यावा. पूर्ण परिणाम कळावयास वर्ष लागते.

हे औषध मुळात रक्तदाबावरील गोळी होती. ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर व चेहऱ्यावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा हा गुण ध्यानात आला. डोक्यास लावण्याच्या द्रावणास अमेरिकेत १९८८ साली पुरुषांसाठी व १९९१ साली स्त्रियांसाठी मान्यता मिळाली. सर्वांनाच त्याचा गुण येतो असे नाही. जेथे टाळू गुळगुळीत झाली तेथे फारशी आशा नसते. गर्भवती व स्तनदा मातांनी ते वापरू नये. आणि मुख्य म्हणजे, औषध सोडले की त्याच्यामुळे आलेले केस तीन-चार महिन्यांत जातात. खर्चाचा हिशेब एका बाटलीचा नव्हे, वर्षानुवर्षांचा करावा लागतो.

सर्वच केसगळतीस हे औषध लागत नाही. विषमज्वर, बाळंतपण किंवा २०२०-२१ मधील कोविडसारख्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात आणि बहुधा सहा-आठ महिन्यांत आपोआप भरून येतात. श्रेय मात्र तेव्हा हाती असलेल्या तेलाला मिळते! २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत थोड्या दिवसांत लोकांना टक्कल पडले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवले. अशा प्रसंगी आधी कारण शोधावयाचे, दुकानाची पायरी नंतर चढावयाची. टक्कल घालविण्याचा किंवा नवे केस उगवण्याचा दावा औषधाच्या वेष्टनावर करण्यास औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टाने मनाई आहे, हेही शिक्षकांनी गावात सांगावे.

ज्यांना औषध सुरू करावयाचे आहे त्यांनी पहिल्या दिवशी टाळूचे छायाचित्र काढून त्यावर तारीख लिहावी. त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, दर दोन महिन्यांनी पुन्हा काढावे. रोज आरशात पाहणाऱ्यास काहीच कळत नाही.

त्या शिक्षकांना मी पुन्हा आरंभापासून सर्व समजावून सांगितले व त्यांनी औषध पुन्हा सुरू केले. आठ महिन्यांनी ते चार छायाचित्रे घेऊन आले. टाळू बरीच भरली होती, कपाळाकडील बाजू मात्र होती तशीच होती. त्यांचे समाधान झाले होते. “आता बंद करू ना?” त्यांनी विचारले. नाही, असे सांगावे लागले.