फाशीवाल्याची चाल

कॅनडातल्या क्वेबेकच्या फ्रेंच भाषकांमध्ये व्हायोलिनवरची एक जलद नाचाची चाल प्रसिद्ध आहे. 'रील द्यू पांद्यू', म्हणजे फाशीवाल्याची रील. आख्यायिका अशी की, फाशीच्या कैद्याला तारा उतरलेलं व्हायोलिन देऊन सांगितलं, 'वाजवलंस तर सुटशील.' त्याच तारांतून त्यानं ही चाल काढली आणि तो वाचला. माँट्रियलमध्ये टॅक्सी चालवणारे थोर वादक ज्याँ कारिन्याँ (१९१६-१९८८) ती वाजवत. आजही तिच्यासाठी तारा नेहमीपेक्षा वेगळ्या जुळवतात. या वेगळ्या जुळणीचं कारण लोकांनी गोष्टीत सांगितलं, असं मला वाटतं. जुळवलेलं वाद्य सगळ्यांच्याच हाती पडत नाही. पडेल त्यातूनच चाल काढावी लागते, हे कवितेनं मलाही शिकवलं आहे.