कर्ज देशाचे, फेड कोणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भिसेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी धम्मावर बोलावे, ही रीत आहे. आम्ही मात्र आज कर्जावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा विषय बँकेतला. विहारात त्याचे काय काम? पण तथागतांनी या विषयावर अगदी स्पष्ट बोलून ठेवले आहे. अंगुत्तर निकायात 'इण सुत्त' आहे. इण म्हणजे ऋण. त्यात भगवंत भिक्खूंना एक-एक पायरी समजावतात. संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःख. दारिद्र्यामुळे तो ऋण काढतो, ते दुःख. ऋणावर व्याज कबूल करतो, ते दुःख. मुदत भरली की तगादा लागतो, ते दुःख. देता आले नाही की सावकार मागे मागे फिरतो, ते दुःख. आणि शेवटी बंधन, तेही दुःख. शीलाचे दारिद्र्य कसे घातक असते हे समजावण्यासाठी भगवंतांनी हा दाखला दिला. पण दाखला असा दिला की ऐकणाऱ्याला तो घरचाच वाटावा. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना त्यांनी 'अनणसुख', म्हणजे कोणाचे काही देणे नसण्याचे सुख, मुद्दाम वेगळे मोजले आहे.

या सहा पायऱ्या आपल्या तालुक्याला काही नव्या नाहीत. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरचा कातकरी बांधव पावसाळ्यात हाताला काम नाही म्हणून वीटभट्टीवाल्याकडून किंवा कोळसाभट्टीवाल्याकडून बयाणा घेतो. दिवाळी सरली की बायकापोरांसह भट्टीवर जातो आणि उन्हाळाभर राबतो. हिशेब मालकाच्या वहीत. पाऊस आला की मालक सांगतो, अजून फिटले नाही, पुढच्या साली या. वेठबिगारी संपविणारा कायदा १९७६ साली झाला. पण अंगठा उमटवणाऱ्याला वही वाचता येत नाही, तोवर बंधन कुठेतरी शिल्लक राहतेच.

आता आमचे म्हणणे असे आहे की, जे वाडीवरच्या माणसाचे होते तेच देशाचेही होते. फरक आकड्यांचा. वही तीच, तगादा तोच, आणि बंधनही तेच.

फार लांब जायला नको. आपल्या भिसेगावच्या कानावर दिवसरात्र ज्या गाड्यांचा आवाज पडतो, तिथूनच सुरुवात करू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही विलायती कंपनी. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने तिच्याशी करार केला. भांडवल विलायतेतले आणि त्यावर पाच टक्के परताव्याची हमी. म्हणजे काय? रेल्वेला नफा कमी झाला, तरी भागधारकाला पाच टक्के मिळणारच. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचे. तिजोरीत पैसा कोणाचा? शेतसारा देणाऱ्याचा, मीठ विकत घेणाऱ्याचा. नफ्याची हमी असल्यावर काटकसर कोण करील? १८६३ साली बोरघाटातून गाडी धावू लागली. तो घाट फोडताना हजारो मजूर दगावले. त्यांना हमी कसलीच नव्हती. हमी होती ती लंडनच्या भागधारकाला. सरकारने ही रेल्वे विकत घेतली ती १९०० साली. तोपर्यंत अर्धे शतक उलटले होते.

रेल्वे नको होती, असे आम्ही म्हणत नाही. या रेल्वेने आपल्या माणसाला मुंबईची वाट दाखवली, गिरणीत आणि गोदीत काम दिले, गावकीच्या जोखडातून बाहेर काढले. प्रश्न रेल्वेचा नाही, कराराचा आहे. धोका कोणी पत्करला आणि लाभ कोणाला झाला, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न ज्यांनी मुळापासून अभ्यासला, ते आपले बाबासाहेब. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, पण ते मुळात अर्थशास्त्राचे पंडित होते, याचा आपल्याला विसर पडतो. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. १८५८ साली कंपनी गेली, पण तिचे कर्ज गेले नाही. ते हिंदी रयतेच्या डोक्यावर आले. १८५७चा उठाव मोडायला झालेला खर्चसुद्धा हिंदुस्थानच्याच खात्यावर पडला. म्हणजे ज्या दोरीने बांधले, त्या दोरीची किंमतही बांधलेल्याकडूनच वसूल!

पुढे १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. तो रुपयाच्या चलनव्यवस्थेवरचा शास्त्रीय ग्रंथ आहे. आम्ही त्यातली एकच गोष्ट सोपी करून सांगतो. हिंदुस्थान सरकार कर गोळा करी चांदीच्या रुपयात, आणि विलायतेचे देणे भागवी सोन्याच्या पौंडात. चांदी स्वस्त होत गेली. १८७२-७३ साली एका रुपयाला सुमारे पावणेतेवीस पेन्स मिळत. १८९२-९३ साली सुमारे पंधरा. पौंडाचे पेन्स दोनशे चाळीस. हिशेब करा. जो एक पौंड फेडायला साडेदहा रुपये लागत, त्यालाच सोळा रुपये लागू लागले. नवे कर्ज न काढताच जुन्या कर्जाचा बोजा दीडपट झाला. रयतेने काय गुन्हा केला होता? काही नाही. कर्ज दुसऱ्याच्या नाण्यात होते, एवढेच.

हे जुन्या काळातले झाले, असे समजू नका. १९९१ साली देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले. आखाती युद्धाने तेल महागले होते, आणि त्याआधीची काही वर्षे आपणही उसनवारीवर खर्च करीत होतो. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने स्वित्झर्लंडला गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने विलायतेला पाठवले आणि त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. घरात अडचण आली की आई गळ्यातले डोरले गहाण टाकते. इथे देशाने टाकले. त्याच जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले. २१ रुपयांचा डॉलर २६ रुपयांच्या घरात गेला. म्हणजे जुने डॉलरमधले देणे रातोरात पाचव्या हिश्शाहून अधिक वाढले. बाबासाहेबांनी १९२३ साली मांडलेले गणित पुन्हा एकदा फळ्यावर आले.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज मिळाले, पण अटींसह. अनुदाने कमी करा, सरकारी खर्च आवरा, सरकारी उद्योगांतले भाग विका. अर्थसंकल्पात खताच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या. ओरड झाल्यावर ती वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली. इथे आपल्या समाजाचा प्रश्न येतो. आपला मुलगा-मुलगी शिकून नोकरीला लागते ती सरकारी खात्यात, बँकेत, महामंडळात, कारण राखीव जागा तिथे आहेत. खासगी कारखान्यात त्या नाहीत. सरकारी क्षेत्र आक्रसले की घटनेतला हक्क कागदावर तसाच राहतो, पण जागा कमी होतात. कराराच्या कागदावर 'आरक्षण' हा शब्दही नसतो, आणि परिणाम मात्र आरक्षणावर होतो. हे बारकाईने समजून घ्या.

त्यानंतर देश सावरला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गहाण सोने सुटले. १९९३ नंतर भारताने नाणेनिधीकडून कर्ज उचललेले नाही, आणि २००९ साली त्याच नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. पण सगळ्या देशांचे असे भाग्य नाही.

आपल्या शेजारचा, बुद्धाचा देश घ्या. श्रीलंका. १९५० साली बाबासाहेब तिथे जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्या देशाने १२ एप्रिल २०२२ रोजी जाहीर केले की, परकीय कर्ज आम्ही तूर्त फेडू शकत नाही. स्वातंत्र्यानंतर प्रथमच अशी वेळ आली. चुका राज्यकर्त्यांच्याही होत्या: २०१९ साली कर एकदम कमी केले, २०२१ साली रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली, त्यात महामारीने पर्यटन बसवले. परंतु रॉकेल-पेट्रोलच्या रांगेत उभी राहिली ती सामान्य माणसे. विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ टक्क्यांनी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी ६६ टक्क्यांनी वाढले. मग मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीचे सुमारे ३ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर झाले. त्याआधी २०१७ साली हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले होते. सुत्तातली शेवटची पायरी आठवा.

याहून विदारक कथा हैती या देशाची. तिथल्या काळ्या गुलामांनी फ्रेंच मळेवाल्यांविरुद्ध लढून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवले. १८२५ साली फ्रान्सने लढाऊ जहाजे पाठवून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. कशाची? मळेवाल्यांच्या हातून गेलेल्या मालमत्तेची, आणि त्या मालमत्तेत गुलाम माणसेही धरलेली! पुढे रक्कम ९ कोटींवर आली. ती भरण्यासाठी हैतीला फ्रान्सच्याच बँकांकडून कर्ज काढावे लागले, आणि त्याचे हप्ते १९४७ पर्यंत चालले. ज्यांना विकले होते, त्यांच्याकडूनच त्यांची किंमत घेतली. हे ऐकून ज्याला महार वतन आठवणार नाही, खोताचा जुलूम आठवणार नाही, असा माणूस या सभेत नसेल.

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांना १९७३ नंतर बँकांनी मुक्त हस्ताने कर्जे दिली, कारण तेलाचा पैसा बँकांत साचला होता. व्याज मात्र कमी-जास्त होणारे. १९८० च्या सुमारास अमेरिकेने आपली महागाई आवरायला व्याजदर चढवले, आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोने हात वर केले. मग अनेक देशांत शाळा-दवाखान्यांना फी लागली. जगभर चळवळ झाली. १९९६ पासून टप्प्याटप्प्याने अतिगरीब देशांची काही कर्जे माफ झाली. टांझानियाने २००१ साली प्राथमिक शाळेची फी रद्द केली, आणि लाखो मुले शाळेत आली. म्हणजे इतकी वर्षे ती मुले शाळेबाहेर होती ती बुद्धी नव्हती म्हणून नव्हे, तर हप्ता भरायचा होता म्हणून!

आपल्या महाराष्ट्रातही धडा झाला. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प. जागतिक बँकेने १९९३ साली त्याला पैसा द्यायला नकार दिला. ही वीज महाग पडेल, असे तिचे मत होते. तरी त्याच वर्षी वीज मंडळाने करार केला. वीज उचला किंवा नका उचलू, ठराविक आकार भरायचाच. वर राज्याची हमी, त्यावर केंद्राची प्रतिहमी. १९९९ साली वीज सुरू झाली, २००१ साली बंद पडली, आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळ्यात गेली. १८४९ ची हमी आणि १९९३ ची हमी शेजारी-शेजारी ठेवून वाचा. साहेब गेला, कागद तोच राहिला.

मग परकीय कर्ज घेऊच नये का? तसे नाही. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्ग ज्या प्रकल्पात आहे, त्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचे ५० कोटी डॉलरचे कर्ज आहे. करार ऑगस्ट २०२० चा, मुदत ३० वर्षे, पहिली पाच सवलतीची. आपल्या मुलांना त्या गाडीचा उपयोगच होईल. पण हिशेब ठाऊक हवा. तेव्हा डॉलर सुमारे ७४ रुपयांना होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या वर गेला. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असे नुसते समजण्यापुरते धरले, तर तीन हजार सातशे कोटींचे मुद्दल सव्वाचार हजार कोटींच्या वर जाते. गाडी धावेल तेव्हा फीत कापायला पुष्कळ जण येतील. शेवटचा हप्ता आज पाळण्यात असलेली मुले भरतील.

म्हणून आम्ही तीन प्रश्न सांगतो, ते पाठ करा. कर्ज कोणाच्या नावावर आणि लाभ कोणाला? फेड कोणत्या नाण्यात? आणि बुडाले तर नुकसान कोणाचे? हे प्रश्न जागतिक बँकेला लागू, मंत्रालयाला लागू, नगरपरिषदेला लागू, आणि आठवड्याचा हप्ता वसूल करायला दारात येणाऱ्या फायनान्सवाल्यालाही लागू. तीनही उत्तरे नीट मिळाल्याशिवाय सही करू नका, आणि आपल्या नावाने कोणाला करू देऊ नका. निवडून गेलेल्याला हे विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो बाबासाहेबांनी दिलेला अधिकार आहे.

आणि उपाय आपल्याच मातीत झालेला आहे. माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल, जे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर धारातीर्थी पडले, त्यांनी शेतकऱ्याला सावकाराच्या कणगीपासून सोडवण्यासाठी धान्यकोठारे काढली. पुढे कशेळ्याच्या अकॅडेमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांवर धान्यबँका चालवल्या. पावसाळ्यात भात न्यायचे, सुगीला परत घालायचे. वाढीचे भात सावकाराच्या घरी न जाता वाडीच्याच कोठारात पडते. कर्ज तेच, पण वही आपली, आणि ती सर्वांसमोर वाचली जाते. एवढ्याने किती फरक पडतो!

भगवंतांनी सिगालाला सांगितले की, मिळकतीचे चार भाग करावे. एक उपभोगाला, दोन उद्योगाला, आणि चौथा अडचणीसाठी राखावा. विहाराच्या महिला मंडळाने, तरुण मंडळाने हा चौथा भाग एकत्र ठेवायला आजपासून सुरुवात करावी, आणि त्याचा जमाखर्च दर पौर्णिमेला वंदनेनंतर मोठ्याने वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

कर्जत स्टेशनात घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. रेल्वेतले लोक त्यांना 'बँकर' म्हणतात. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत रेटतात आणि वर पोचल्यावर सुटून परत येतात. कर्ज हे असे असावे. चढावर रेटा द्यावा आणि माथ्यावर सुटावे. जे सपाटीवरही सुटत नाही आणि गाडी कुठे न्यायची हे स्वतःच ठरवू लागते, ते बंधन होय.

 सर्वांना अनणसुख लाभो.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!