विंचू, वेळ आणि नोंदवही



निमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींनी मला विचारलं, ‘डॉक्टर, वसंत व्याख्यानमालेत विंचू कशाला?’ मी म्हटलं, त्याचाच मोसम आहे म्हणून. कोकणात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण वर्षात दोनदा वाढतात. एकदा एप्रिल ते जून, आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात, भात कापणीला येतं तेव्हा. आज आपण इथे दहिवलीत खुर्च्यांवर बसलो आहोत आणि नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर माणसं उघड्यावर झोपली आहेत. रचलेल्या विटांच्या फटी, लाकडांचा ढीग, पेंढ्याची उडवी, दाराशी काढून ठेवलेली चप्पल, या सगळ्या त्याच्या जागा.

दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. १९८१ च्या उन्हाळ्यात मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नवा वैद्यकीय अधिकारी होतो. रेल्वेच्या रुळांजवळच्या एका भट्टीवरून एक कातकरी बाई सात वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आली. मूल रडत नव्हतं. कपाळावर, ओठाच्या वर घामाचे टपोरे थेंब होते. दोनदा ओकला होता. मी त्याचा हात हातात घेतला. भर मे महिन्यात तो तळहात माठाच्या बुडासारखा गार होता. आमच्याकडे तेव्हा जे देत असत ते सगळं मी दिलं. त्या काळी विंचूदंशाला स्टिरॉइड, अॅलर्जीची औषधं, कुणी कुणी अॅट्रोपीनसुद्धा देत. पहाटे त्याच्या तोंडातून गुलाबी फेस आला. फुफ्फुसांत पाणी झालं होतं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘विंचूदंश. मृत्यू.’ या दोन शब्दांबद्दल मला आज बोलायचं आहे.

आधी विंचवांबद्दल थोडं. मोठा काळा विंचू, ज्याला आपण इंगळी म्हणतो, तो दिसायला भयंकर. नांगी मारली की माणूस गडाबडा लोळतो, पण सहसा जीव जात नाही. लाल विंचू लहान, अंगानं किरकोळ, आणि तोच घातकी. त्याचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या धरतं. मग अंगातलं अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन एकदम उसळतं. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. पावसात मोरी तुंबली की पाणी मागे फिरून घरात शिरतं, तसं आवळलेल्या वाहिन्यांवर रेटा देऊन हृदय थकलं की रक्त मागे तुंबतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं.

पण लाल विंचवाचा दंश झालेल्या प्रत्येकालाच असं होत नाही. बऱ्याच जणांना नुसती ठणक लागते आणि काही तासांनी ती आपोआप उतरते. मांत्रिकाला यश येतं ते इथे. दहा माणसं त्याच्याकडे गेली, त्यातली बहुतेक बरी होणारच होती. ती घरी येऊन सांगतात, ‘उतरवला.’ जे गेले ते सांगायला येत नाहीत. मी मांत्रिकाला नावं ठेवायला उभा नाही, कारण आम्ही डॉक्टरही तेच करत होतो. स्टिरॉइड दिलं, रुग्ण बरा झाला, म्हणून स्टिरॉइड चांगलं. न देताही तो बरा झाला असता का, हे आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं.

ते पाहायला सुरुवात केली आपल्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचूदंशानं फुफ्फुसांत पाणी होतं हे ठाऊक नव्हतं असं नाही, डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर लिहिलं होतं. पण कोणत्या रुग्णाला होणार, हे आधी ओळखायचं कसं? बावस्कर खाटेशी बसून राहिले आणि लिहीत गेले. ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय, पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाचा ताठरपणा. ही लक्षणं आधी येतात, हृदयाचा त्रास मागून. १९८२ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. लंडनच्या त्या नियतकालिकात बिरवाडीच्या खाटांवरची माणसं पोचली.

पुढचा विचार सरळ होता. वाहिन्या आवळतात, तर त्या सैल करणारं औषध द्यावं. प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी बाजारात होतीच. ती विंचूदंशावर दिल्याचा त्यांचा लेख १९८६ मध्ये पुन्हा लॅन्सेटमध्ये आला. १९६१ ते १९८३ या काळात फुफ्फुसांत पाणी झालेल्या रुग्णांपैकी शंभरातले २५ ते ३० दगावत असत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एकाच्याही खाली गेलं. एक सूचना इथेच देतो : ही गोळी घरी ठेवून स्वतःच घ्यायची नाही. तिनं रक्तदाब एकदम उतरू शकतो. रुग्ण आडवा हवा आणि कुणीतरी सारखं त्याच्यावर लक्ष ठेवून हवं.

आता एखादा चिकित्सक श्रोता विचारेल, आणि त्यानं विचारलंच पाहिजे : पूर्वीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण, ही तुलना बरोबरीची आहे का? दरम्यान रस्ते झाले, गाड्या आल्या, लोक लवकर येऊ लागले. गुण गोळीचा किती आणि रस्त्याचा किती? एवढा मोठा फरक नुसत्या रस्त्यानं पडेल असं मला वाटत नाही. तरी शंका रास्त आहे. म्हणून एकाच काळातल्या, एकाच दवाखान्यातल्या, सारख्याच आजारी माणसांची तुलना करावी लागते, आणि कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवावं लागतं. नाहीतर डॉक्टर नकळत बऱ्या दिसणाऱ्याला नवं औषध देतो.

महाडला अशी तुलनाही झाली, पण ती पुढच्या प्रश्नासाठी : प्राझोसिनच्या जोडीला विषावरची लसही द्यावी का? डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्ण घेतले. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि लाल विंचवाच्या विषावरची लस. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८ होते, दुसऱ्या गटात ३२. हा अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलनं छापला. कुणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं, आणि दवाखाना एकच होता. या त्याच्या मर्यादा. पण ८ आणि ३२ हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे.

आणि आता माझ्या विषयाचा गाभा. ट्युनिशियात आठशेहून जास्त रुग्णांवर लसीचा असाच अभ्यास झाला होता. तो १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला आणि त्यात सरसकट लस देण्याचा फायदा दिसला नाही. अमेरिकेत अॅरिझोनातल्या १५ मुलांवरचा अभ्यास २००९ मध्ये आला. लस दिलेली आठही मुलं चार तासांत सावरली. न दिलेल्या सातांपैकी एकच. मग खरं काय मानायचं? तिन्ही अभ्यास खरे आहेत. अॅरिझोनाचा विंचू निराळा आणि मुलं अतिदक्षता विभागातली होती. ट्युनिशियात सौम्य-गंभीर सगळेच रुग्ण धरले होते, आणि जे तसेही बरे होणार त्यांच्यात लसीचा गुण दिसणार कुठून? महाडला मुद्दाम मधल्या पायरीवरचे रुग्ण निवडले. विष अंगात भिनलंय, पण फुफ्फुसांत पाणी अजून झालेलं नाही, असे. वर्तमानपत्रात ‘अमुक औषध परिणामकारक’ अशी बातमी वाचलीत तर औषधाच्या आधी माणसं विचारा. कुणावर पाहिलं? ती किती आजारी होती, किती वेळानं पोचली, त्यांच्यात मुलं होती का?

कारण ज्यांची नोंद झाली त्यांच्यापुरतंच संशोधन बोलतं. खांडसच्या वरच्या अंगाची एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. रात्री विंचू चावला, झोळी करून खाली आणायचं, मग गाडी शोधायची, मग कशेळं किंवा कर्जत. दहिवलीतल्या मुलाला दवाखाना पाच मिनिटांवर. मूल तेच, विंचू तोच, गोळी तीच. पण दंश आणि गोळी यांच्यात किती वेळ गेला, त्यावर पुढचं बरंचसं ठरतं. भट्टीवरची कुटुंबं तर आज इथे, उद्या दुसऱ्या तालुक्यात. त्यांचं मूल वाटेतच गेलं तर ते महाडच्या ७० मध्येही नसतं, सरकारी तक्त्यातही नसतं. ‘मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली’ हे वाक्य मी मघाशी अभिमानानं सांगितलं. ते दवाखान्यात पोचलेल्यांचं आहे.

बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मला मात्र त्यांच्या त्या पहिल्या काळातल्या नोंदींचं महत्त्व जास्त वाटतं. आम्ही दोघं एकाच जिल्ह्यात, साधारण एकाच काळात, तसल्याच आरोग्य केंद्रांत होतो. मीही त्या मुलाचा गार हात पाहिला, घाम पाहिला. पण मी लिहिलं नाही. रक्तदाब किती होता, घाम कधी सुटला, फेस किती वाजता आला, काही नाही. माझ्या त्या ओळीवरून पुढच्या मुलासाठी कुणालाही काहीही शिकता येणार नव्हतं.

त्या रात्री मी आईला एक प्रश्न मात्र विचारला होता : ‘कधी चावला?’ तिच्याकडे घड्याळ नव्हतं म्हणून तिला सांगता येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, ‘खोपोलीची संध्याकाळची गाडी गेली, त्याच्या मागोमाग.’ वेळापत्रक माझ्या टेबलाच्या काचेखालीच होतं. चार मिनिटं इकडे-तिकडे, इतकी नेमकी वेळ तिनं मला दिली होती. मी ती लिहून घेतली नाही.